पर्यावरण मंजुरीतले दिवस मोजायचे कसे: ३०, ४५, १०५ आणि ९० चा घोळ

एखाद्या प्रकल्पाच्या जनसुनावणीची जाहिरात पेपरात आली की गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो, "हरकत द्यायला आपल्याकडे किती दिवस आहेत?" आणि मग दहा मिनिटांत चार जण चार वेगवेगळ्या तारखा टाकतात. गंमत म्हणजे चौघांनाही ३० दिवस हे माहीत असतं, त्यात कुणाचं चुकलेलं नसतं. एकाने जाहिरातीवरच्या पत्राच्या तारखेपासून मोजलेलं असतं, दुसऱ्याने पेपरच्या तारखेपासून, तिसऱ्याने ग्रामपंचायतीत कागद आला त्या दिवसापासून आणि चौथ्याने आज ग्रुपवर वाचलं म्हणून आजपासून. माझ्या अनुभवाने सांगते, या कामात किती दिवस हा प्रश्न सोपा आहे, तो कायद्यात छापलेला असतो. कधीपासून, हा खरा प्रश्न. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये मी तेच तेच विचारत राहणारे, कंटाळा आला तरी चालेल.

हे सगळं भारतातल्या पर्यावरण मंजुरीबद्दल आहे, म्हणजे १४ सप्टेंबर २००६ चं ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचं मूल्यांकन) नोटिफिकेशन आणि त्याला जोडून २०१० चा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, ज्याला आपण सगळे एनजीटी म्हणतो. उदाहरणातल्या तारखा मी २०२६ च्या कॅलेंडरवरून घेतल्यात, प्रकल्प मात्र काल्पनिक आहे. आणि एक लक्षात असू द्या, २००६ च्या नोटिफिकेशनला इतक्या दुरुस्त्या झाल्यात की कुणी पाठवलेली जुनी पीडीएफ वाचून मोजायला बसू नका, दुरुस्त्यांसकट असलेली प्रत शोधा आणि मग पेन हातात घ्या.

पायरी १: आधी कागदावर तीन रकाने पाडा

रकाने असे: काय घडलं, कोणत्या तारखेला घडलं, आणि त्याचा पुरावा काय. बस. दिवसांचा आकडा अजून लिहायचाच नाही. अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पोचला ही घटना, पेपरात जाहिरात आली ही घटना, सुनावणी झाली ही घटना, मंजुरीचं पत्र वेबसाइटवर चढलं ही घटना. प्रत्येक मुदत यातल्या कुठल्यातरी एका घटनेला बांधलेली असते, आणि दोन मुदती दोन वेगळ्या घटनांना बांधलेल्या असू शकतात.

पुराव्याचा रकाना नवीन माणसं हमखास रिकामा सोडतात. पत्रावर छापलेली तारीख म्हणजे पत्र लिहिल्याची तारीख, पोचल्याची नाही. पोचल्याची तारीख आवक शिक्क्यावर असते. तुम्ही हरकत द्यायला गेलात तरी तेच, झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलायचं नाही. मी सुरुवातीला एकदा शेवटच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला एका ऑफिसात पोचले, आवक बंद झाली होती, समोरच्या बाई चांगल्या होत्या म्हणाल्या उद्या सकाळी या, लगेच शिक्का मारते. मारला की. दुसऱ्या दिवसाच्या तारखेचा.

पायरी २: मोजायचे मूळ नियम, हे एकदाच पाठ करा

हे नियम १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये आहेत, म्हणजे सव्वाशे वर्षं जुने, आणि अजून कामाचे. कलम ९ असं सांगतं की कायद्यात अमुक दिवसा"पासून" असं म्हटलं असेल तर तो पहिला दिवस धरायचा नाही, आणि "पर्यंत" असेल तर शेवटचा दिवस धरायचा. म्हणजे २ तारखेला पत्र मिळालं आणि ७ दिवस आहेत तर मोजणी ३ तारखेपासून, सातवा दिवस ९ तारीख. बोटांवर मोजताना लोक २ तारखेलाच एक म्हणतात आणि ८ वर येतात. स्प्रेडशीटमध्ये तारखेच्या खान्यात अधिक ७ केलं तर ९ च येतं, त्यामुळे बोटांपेक्षा त्यावर विश्वास ठेवा.

दिवस म्हणजे कॅलेंडरचे दिवस. रविवार, दुसरा चौथा शनिवार, दिवाळी, सगळं मोजलं जातं. कामाचे दिवस असं स्पष्ट लिहिलं असेल तरच सुट्ट्या वगळायच्या. सुट्टीची सवलत फक्त शेवटच्या दिवसाला आहे, ती कलम १० मध्ये. कोर्टात किंवा ऑफिसात करायच्या कामाचा शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर ते उघडल्यावर लगेचच्या दिवशी केलेलं काम वेळेत धरलं जातं. मी स्वतः मात्र या सवलतीवर विसंबून कधी काही ठेवत नाही, कारण ती कुठे लागू होते आणि कुठे नाही यावर वकील लोक तासभर भांडू शकतात आणि त्या भांडणात आपली हरकत नको.

महिना म्हणजे ३० दिवस नाहीत. हे नीट वाचा कारण इथे शिकलेली माणसंही पडतात. त्याच कायद्यात महिना म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचा महिना असं दिलंय, म्हणजे १० मार्चपासून सहा महिने म्हटलं की १० सप्टेंबर. १८० दिवस मोजलेत तर ६ सप्टेंबर येईल, चार दिवसांचा फरक. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये लवादाच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हे. उलटंही खरं, जिथे ३० दिवस लिहिलंय तिथे एक महिना म्हणून मोकळे होऊ नका. ३१ चा महिना मधे आला की एक दिवस जास्त धराल आणि उशीर होईल.

शेवटचा नियम "किमान" किंवा "पेक्षा कमी नाही" या शब्दांचा. किमान ३० दिवसांची नोटीस म्हटलं की सावध माणूस दोन्ही टोकं सोडतो, नोटिशीचा दिवसही नाही आणि सुनावणीचा दिवसही नाही, मधे ३० दिवस पूर्ण भरले पाहिजेत.

पायरी ३: जनसुनावणीचं कॅलेंडर बनवा

इथे जरा थांबू, कारण गावातल्या माणसाच्या हातात सगळ्यात जास्त इथेच असतं. नियम नोटिफिकेशनच्या परिशिष्ट ४ मध्ये आहेत. प्रकल्पवाला राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आपल्याकडे एमपीसीबीकडे, सुनावणी घ्या असं विनंतीपत्र आणि ड्राफ्ट ईआयए रिपोर्ट देतो. ड्राफ्ट रिपोर्ट मिळाल्यापासून ७ दिवसांत मंडळाच्या सदस्य सचिवांनी तारीख, वेळ, जागा पक्की करून एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात द्यायची. लोकांना म्हणणं मांडायला किमान ३० दिवस. आणि विनंतीपत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांत सुनावणी उरकायची. मग ८ दिवसांत सुनावणीचं इतिवृत्त मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवायचं.

बघितलंत, ७ चं घड्याळ ड्राफ्ट रिपोर्टवर चालतं आणि ४५ चं विनंतीपत्रावर. बहुतेक वेळा दोन्ही एकाच दिवशी येतात पण न आल्यास दोन वेगळी घड्याळं चालू असतात.

आता गणित. ७ आणि ३० मिळून ३७, आणि ४५ मधून ३७ गेले की राहिले ८ दिवस. म्हणजे मंडळाने पूर्ण आठवडा वापरला तर सुनावणीला जागा आहे ती शेवटच्या आठ दिवसांतच, आणि जाहिरातीला अजून आठवडाभर उशीर झाला की ती खिडकी जवळजवळ बंद.

समजा विनंतीपत्र आणि रिपोर्ट दोन्ही २ फेब्रुवारी २०२६, सोमवारी मिळाले. ७ दिवस संपतात ९ फेब्रुवारीला. ४५ वा दिवस काढू, फेब्रुवारीचे उरलेले २६ आणि मार्चचे १९, म्हणजे १९ मार्च. कॅलेंडर उघडा, १९ मार्च २०२६ ला गुढीपाडवा आहे. पाडव्याला कोण कलेक्टर सुनावणी लावणार? तेव्हा खरी शेवटची तारीख १८ धरा. जाहिरात १२ फेब्रुवारीला आली असं समजा. १२ सोडून मोजलं तर फेब्रुवारीचे १६ आणि मार्चचे १४, तिसावा दिवस १४ मार्च, शनिवार. ३० पूर्ण भरल्यावरचा दिवस १५, रविवार. म्हणजे सरळ उरतात १६, १७ आणि १८ मार्च. तीन दिवस, अख्ख्या दीड महिन्यातून.

आणि जाहिरात १६ फेब्रुवारीला आली असती तर? तिसावा दिवस १८ मार्च, सुनावणी १९ ला, म्हणजे थेट पाडवा. अशा वेळी काय होतं तर ३० दिवसांपैकी दोन-तीन कापून सुनावणी आधी ओढायचा मोह होतो. तुमचं लक्ष तिथेच पाहिजे. ४५ ओलांडले तर काय करायचं ते नोटिफिकेशनमध्येच लिहिलंय, अ वर्गाच्या (म्हणजे केंद्राकडे मंजुरीला जाणाऱ्या) प्रकल्पाला केंद्र सरकार आणि ब वर्गाच्या (राज्याकडे जाणाऱ्या) प्रकल्पाला राज्य सरकार दुसऱ्या एजन्सीकडून पुढच्या ४५ दिवसांत काम करून घेऊ शकतं. ३० मधले दिवस कापायला मात्र असा मार्ग दिलेला नाही, तिथे किमान हा शब्द आहे. ४५ ही मंडळाने पाळायची मुदत आहे आणि ३० हा लोकांचा हक्क, दोन्ही एका तराजूत घालू नका.

दोन पेपरांत दोन वेगळ्या दिवशी जाहिरात आली तर? होतं असं, इंग्रजीत १२ ला आणि मराठीत १४ ला. मी नंतरची धरते, कारण लोकांना कळलं ते मराठीतून. १४ फेब्रुवारीपासून ३० म्हणजे १६ मार्च, सुनावणी १७ किंवा त्यानंतर. सुनावणी त्याआधीची लावलेली असेल तर लेखी हरकतीत पहिला मुद्दा हाच लिहा, दोन्ही पेपरांची कात्रणं जोडून, आणि कात्रणात पेपरचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. नुसती जाहिरात कापून ठेवणारे खूप भेटलेत मला.

जाहिरातीत रिपोर्ट कुठे बघायला मिळेल ते लिहिलेलं असतं, कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, स्थानिक संस्था वगैरे. पहिल्या दोन दिवसांत तिथे जाऊन या. रिपोर्ट तिथे नसेल तर त्याच ऑफिसात लेखी अर्ज द्या की अमुक तारखेला आलो, रिपोर्ट उपलब्ध नव्हता, आणि पोच घ्या. ३० दिवस नुसते कॅलेंडरवर मिळून उपयोग काय, रिपोर्ट बाविसाव्या दिवशी कपाटातून बाहेर आला तर तुमच्या हातात आठच राहिले, आणि ते दाखवायला तुमच्याकडे कागद पाहिजे. पेपर जिथे पोचत नाहीत तिथे दवंडी आणि रेडिओ-टीव्हीवरून कळवायची तरतूद आहे, ती झाली का तेही विचारा. हो, दवंडी खरंच लिहिलीये नियमात.

पुढे ढकलणं हा अजून एक प्रकार. ठरलेली तारीख, वेळ, जागा बदलता येत नाही, काही आणीबाणीची परिस्थिती आली तरच, आणि तीही जिल्हाधिकाऱ्यांच्या शिफारशीवरून, त्याच पेपरांत जाहीर करून. नवीन तारीख मात्र नव्याने त्याच पद्धतीने जाहीर करायची असते, म्हणजे माझ्या वाचनाप्रमाणे ३० दिवसही नव्याने सुरू. "परवा होती ती आता पुढच्या सोमवारी" असं कुणी सांगितलं तर नवीन जाहिरात दाखवा म्हणा.

लेखी म्हणणं सुनावणीच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. ३० दिवसांच्या आत मंडळाकडे द्या, सुनावणीत तोंडी परत मांडा. सुनावणीला कोरम लागत नाही, पाच माणसं आली तरी ती झाली असंच धरलं जातं. संपताना इतिवृत्ताचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हायची असते. तो वाचेपर्यंत घरी जाऊ नका, ही त्या दिवसाची एकमेव महत्त्वाची सूचना. सुनावणी १७ मार्चला झाली तर ८ दिवस २५ मार्चला संपतात, डायरीत टाका आणि २६ ला फोन करून विचारा, गेलं का.

सगळ्याच प्रकल्पांना जनसुनावणी नसते हेही आधी तपासा. ब२ वर्गातल्यांना, म्हणजे ब वर्गातल्या ज्यांना ईआयए रिपोर्टच लागत नाही त्यांना नसते, बांधकाम प्रकल्पांना नसते. तिथे ही पायरीच गळते.

पायरी ४: छाननी आणि निर्णय, म्हणजे १०५ दिवस

आता चेंडू सरकारच्या कोर्टात, तुम्ही फक्त बघत बसणार, पण मोजत बसणार. अंतिम ईआयए रिपोर्ट आणि बाकीची कागदपत्रं मिळाल्यापासून तज्ज्ञ समितीने ६० दिवसांत छाननी संपवायची. अ वर्गाला केंद्राची समिती, ब वर्गाला राज्याची. शिफारस मिळाल्यापासून ४५ दिवसांत प्राधिकरणाने निर्णय कळवायचा. ६० आणि ४५ मिळून १०५, आणि नोटिफिकेशन स्वतःच म्हणतं की म्हणजेच अंतिम रिपोर्ट मिळाल्यापासून १०५ दिवस.

पण त्याच नोटिफिकेशनमध्ये असंही लिहिलंय की समितीची शिफारस छाननीनंतरच्या १५ दिवसांत प्राधिकरणापुढे ठेवावी. मग ६० आणि १५ आणि ४५ मिळून होतात १२०! ते १५ दिवस कुठे गेले? मूळ मजकुरातच बेरीज जुळत नाही आणि मला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा वाटलं आपलंच गणित कच्चं. मी दोन्ही तारखा लिहून ठेवते. अंतिम रिपोर्ट १ एप्रिल २०२६ ला मिळाला तर ६० वा दिवस ३१ मे, १०५ वा दिवस १५ जुलै, आणि १२० धरले तर ३० जुलै. १५ जुलैनंतर रोज परिवेश पोर्टल, म्हणजे मंजुरीच्या अर्जांची सरकारी वेबसाइट, बघायला लागा.

प्राधिकरणाला समितीची शिफारस पटली नाही तर आणखी एक फेरी होते, ४५ दिवसांत फेरविचारासाठी परत पाठवायचं, समितीने ६० दिवसांत मत द्यायचं, मग पुढच्या ३० दिवसांत अंतिम निर्णय.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे की मुदत उलटली म्हणजे मंजुरी आपोआप मिळाली. तसं नाहीये. मुदतीत निर्णय कळवला नाही तर समितीच्या अंतिम शिफारशीप्रमाणे मंजुरी मिळाली किंवा नाकारली असं धरून चालायचं. शिफारस "द्या" असेल तर मिळाली, "नको" असेल तर नाकारली. त्यामुळे मुदत संपत आली की शिफारस काय होती ते शोधा, समितीच्या बैठकीचं इतिवृत्त वेबसाइटवर येतं.

तुमच्या मोजणीपेक्षा सरकारी हिशोबात दिवस कमी दिसत असतील तर हेही तपासा की मधे कागदपत्रं कमी आहेत म्हणून फाइल परत गेली होती का. पोर्टलवर ईडीएस असं काहीतरी दिसेल, म्हणजे आवश्यक माहिती मागवलीये. अपुऱ्या कागदांवर घड्याळ चालत नाही, मोजणी सगळे कागद मिळाल्यापासून. जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने राज्यांच्या प्राधिकरणांना तारे द्यायची एक योजना काढली होती, सरासरी ८० दिवसांच्या आत मंजुरी दिली तर २ गुण, १०५ च्या आत १, त्यापुढे शून्य. त्यावर टीका पण खूप झाली. मला त्यातून एवढंच दिसलं की दिवस फक्त आपणच मोजत नाही, वरचेही मोजतात, फक्त त्यांना ते कमी हवे असतात.

पायरी ५: मंजुरीविरुद्ध अपील, हे सगळ्यात धोकादायक घड्याळ

एनजीटी कायद्याचं कलम १६. मंजुरी देणारा किंवा नाकारणारा आदेश कळवला गेल्यापासून ३० दिवसांत अपील. योग्य कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत न्यायाधिकरण उशीर माफ करू शकतं, त्यापेक्षा जास्त नाही. म्हणजे एकूण ९०, एक्क्याण्णवाव्या दिवशी कारण कितीही खरं असो, दार बंद. लोक सरळ ९० दिवस आहेत असं सांगत सुटतात, तसं करू नका. ३० हा हक्क आहे, पुढचे ६० म्हणजे विनंती, आणि विनंतीत प्रत्येक दिवसाचा हिशोब द्यावा लागतो.

आता परत तोच प्रश्न, कधीपासून? कायद्यात शब्द आहे कळवल्यापासून. प्रकल्पवाल्याला पत्र मिळतं, पण गावाला कोण कळवणार? नोटिफिकेशनप्रमाणे अ वर्गाच्या प्रकल्पवाल्याने मंजुरी अटींसकट किमान दोन स्थानिक पेपरांत छापायची आणि आपल्या वेबसाइटवर कायमची ठेवायची, सरकारने पोर्टलवर टाकायची, आणि प्रत ग्रामपंचायत, नगरपालिका वगैरेंना द्यायची, त्यांनी ती ३० दिवस लावून ठेवायची. मग यातला कोणता दिवस? एनजीटीने सेव्ह मोन रीजन फेडरेशनच्या प्रकरणात मार्च २०१३ मध्ये हे सविस्तर मांडलं. थोडक्यात असं की कळवण्याच्या या वेगवेगळ्या वाटांपैकी जी पहिल्यांदा नीट पूर्ण होईल तिथून मोजणी. सगळ्यात आधीची, सगळ्यात शेवटची नाही. आणि पूर्ण म्हणजे अटींसकट अख्खा आदेश उपलब्ध, नुसतं "मंजुरी मिळाली" एवढं नाही.

उदाहरण बघा. पत्रावर तारीख ५ जानेवारी २०२६, परिवेश पोर्टलवर ७ ला चढलं, पेपरात १२ ला, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर २० ला. फळ्यावरून मोजणारा म्हणेल १९ फेब्रुवारी. पेपरवाला म्हणेल ११ फेब्रुवारी. पोर्टलवरून ६ फेब्रुवारी. मी ६ फेब्रुवारी धरून काम करते, आणि खरं सांगायचं तर पत्राच्या तारखेवरून येणारी ४ फेब्रुवारी भिंतीवर लाल शाईने लिहिते. कोर्टात जाऊन आपल्याला २० ला कळलं हे सिद्ध करण्यापेक्षा दोन दिवस आधी दाखल करणं स्वस्त पडतं. याच उदाहरणात पोर्टलपासूनचा नव्वदावा दिवस ७ एप्रिल २०२६, ही भिंत. त्या वाढीव दिवसांत शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर पुढचा दिवस मिळेलच असं समजू नका, लवादाच्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये वाढीव मुदतीला ती सवलत नाकारली होती.

हे पोर्टल २०१८ पासून आहे. प्रस्ताव क्रमांक एकदा लिहून ठेवा आणि आठवड्यातून दोनदा बघा, ज्या दिवशी मंजुरी दिसेल त्या दिवशी तारखेसकट स्क्रीनशॉट. गावात एकाच मुलाला हे काम दिलं तर तो परीक्षेला गेला की सगळं बोंबलतं, दोघांना द्या.

अपील सोडून बाकीच्या अर्जांना मुदती वेगळ्या. कलम १४ मध्ये पर्यावरणाचा प्रश्न असेल तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, वर ६० दिवस. "पहिल्यांदा" या शब्दाखाली रेघ मारा. कलम १५ मध्ये नुकसानभरपाई, पाच वर्षं, वर ६० दिवस. मंजुरीलाच आव्हान द्यायचं असेल आणि ३० दिवस गेले म्हणून कलम १४ चे सहा महिने वापरू असा शहाणपणा कुणी सुचवला तर आधी चांगला वकील गाठा.

पायरी ६: मुदतवाढीची नोटीस आली तर ती दोनदा वाचा

याचं सगळ्यात भारी उदाहरण सरकारनेच दिलंय. २०२० मध्ये नवीन ईआयए नोटिफिकेशनचा मसुदा आला, त्यात नोटिशीचे ३० दिवस २० वर आणि सुनावणीचे ४५ दिवस ४० वर आणायचं सुचवलं होतं. हरकतींना राजपत्रात आल्यापासून ६० दिवस. राजपत्रात आला ११ एप्रिलला, ऐन लॉकडाउनमध्ये. साठावा दिवस १० जून. मग ८ मे ला मंत्रालयाने नोटीस काढली की आणखी ६० दिवस वाढवत आहोत, ३० जूनपर्यंत. आता मोजा बरं. १० जूनला पुढचे ६० जोडले तर येतं ९ ऑगस्ट. ८ मे पासून ६० मोजले तर येतं ७ जुलै. ३० जून कशातूनच येत नाही! प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, कोर्टाला नोटिशीतली ही संदिग्धता दिसली आणि ३० जून २०२० ला कोर्टाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली, मसुदा बाकीच्या भारतीय भाषांत भाषांतरित करायलाही सांगितलं. तेव्हा नोटिशीत दिवस आणि तारीख दोन्ही असतील तर दोन्ही जुळतात का ते स्वतः मोजून बघा, जुळत नसतील तर आधीची तारीख पाळा आणि नंतरचीसाठी लेखी विचारणा करा.

कोविडच्या काळातल्या फायली हाताळत असाल तर अजून दोन गोष्टी. मंजुरीची वैधता मोजताना १ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२१ हे वर्ष धरायचं नाही, अशी दुरुस्ती जानेवारी २०२१ मध्ये आली. म्हणून एखाद्या प्रकल्पाची मंजुरी संपली असं तुम्हाला वाटत असेल आणि कंपनी म्हणत असेल अजून वर्ष आहे, तर दर वेळी कंपनी खोटंच बोलते असं नाही. आणि अपील वगैरेंची मुदत मोजताना सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ वगळला होता. दोन वेगळे काळ, दोन वेगळ्या कामांसाठी, एकमेकांत मिसळू नका.

पायरी ७: मंजुरीनंतरच्या तारखा

अपील करायचं नसेल किंवा करून झालं असेल तरी डायरी बंद करू नका. प्रकल्पवाल्याला दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो, १ जून आणि १ डिसेंबर, या तारखा नोटिफिकेशनमध्येच दिलेल्या आहेत. इथे दिवस मोजायची भानगडच नाही. २ जूनला वेबसाइट बघा, अहवाल नसेल तर माहिती अधिकारात मागा. त्याचंही घड्याळ आहे, माहितीला ३० दिवस आणि मग पहिल्या अपिलाला ३० दिवस, आणि त्या अर्जावरही आवक शिक्का घ्यायचाच आहे.